जावेच्या घराकडची खिडकी

मला झालेल्या आजाराचं नाव इतकं लांबलचक आहे, की ते एका दमात म्हणता यायला लागलं तेव्हाच मला पटलं, आपण बऱ्या होतोय. ते नाव मी इथे लिहीत नाही. तुमच्यावर वेळ आली तर डॉक्टर सांगतीलच. मी सांगणार आहे ते डॉक्टरांच्या कागदावर नव्हतं. बाई आपल्याच घरात आपल्याच हातानं हवा कशी बंद करून घेते, आणि वर गावभर सांगत फिरते की बघा, माझी खोली किती थंडगार, ते सांगणार आहे.

गावातल्या दोघी-तिघी खोकत खोकत माझ्याकडे येतात. "अक्का, तुमाले काय झालं व्हतं वं?" म्हणून विचारतात. दर वेळी पहिल्यापासून सांगायचं म्हटलं की मध्येच थांबावं लागतं. लिहायला काही दम लागत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सुमन

आमचं गाव नशिराबाद आणि भुसावळच्या मधलं, मोठ्या रस्त्यापासून जरा आत. शेती केळीची. नवऱ्याला अख्खं गाव नाना म्हणतं, तेव्हा मीही इथे नानाच म्हणते. मुलगा योगेश आणि सून कल्याणी जळगावला असतात. घरात आम्ही दोघंच. आणि बोळाच्या पलीकडे सुमन.

सुमन माझी धाकटी जाऊ. माहेर धुळ्याचं. ती लग्न होऊन आली तेव्हा मी या घरात मुरलेली सून होते. ती बोलताना 'आहे'ला 'शे' म्हणायची, तर मी तिची नक्कल करून विहिरीवरच्या बायकांना हसवायचे. तीही त्यांच्यात बसून हसायची, आणि ते मला जास्त झोंबायचं. तिच्या भाकरीला टम्म पापुद्रा सुटायचा. माझी भाकरी तव्यावर रुसून बसायची. तिचा भाऊ दिवाळीला धुळ्याहून आला की माझ्यासाठीही साडी आणायचा. साडी तिच्यापेक्षा हलकी असली तर मी म्हणायचे, बघा, दुजाभाव. भारी असली तर म्हणायचे, दया दाखवतात मेले.

ती तरुण बाई, म्हणजे तेव्हाची मी, आज माझ्या दारात आली ना, तर मी तिला पाणीसुद्धा विचारणार नाही.

तीन मजले

सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. जुनं घर आमच्याकडे, शेजारची मोकळी जागा धाकट्याकडे. मध्ये एक बोळ, हात लांब केला तर पलीकडच्या भिंतीला लागेल एवढा. माझ्या झोपायच्या खोलीची एकुलती एक खिडकी त्या बोळात उघडायची. समोर मोकळी जागा होती तोवर त्या खिडकीतून पहाटेचं ऊन यायचं, कडुलिंबाचा वास यायचा, आणि मला त्याची किंमत नव्हती.

मग तिथे सुमनचं घर उभं राहिलं. एक मजला झाला, मी गप्प राहिले. दुसरा झाला, मी नानांशी भांडले. तिसरा झाला, तेव्हा माझं जेवण उतरेना. पुढून फरशी लावलेलं, जिन्याला चकचकीत स्टीलचे कठडे, वर पाण्याची टाकी फुटबॉलसारखी. खरोखर फुटबॉल. गावातले लोक बघायला यायचे आणि बघून झालं की माझ्या ओट्यावर बसून चहा मागायचे. कौतुक तिचं आणि चहा माझा.

सकाळी डोळे उघडले की खिडकीत पहिलं काय दिसायचं? तिची भिंत, आणि भिंतीत तिची खिडकी. त्या भिंतीचा रंगसुद्धा असा पिस्त्याचा, की बर्फीची आठवण यावी. मला साखर वर्ज्य!

मी नानांना म्हटलं, "ही खिडकी बुजवून टाका. धूळ येते."

नाना बिडी पेटवत म्हणाले, "या खोलीले नाक हाये ते एकच. अन् तू तेच दाबू राह्यली."

"तिथे शोकेस करायचं आहे."

"शोकेसात काय ठेवशीन?"

हा प्रश्न मी ऐकलाच नाही असं दाखवलं. विटा रचल्या, आतून गिलावा केला, वर काचेचं शोकेस बसवलं. त्यात तांब्या-पितळेची भांडी, योगेशचे शाळेतले कप, एक प्लास्टिकचा मोर. बाहेरून बोळाकडच्या बाजूला मात्र गिलावा केला नाही. तिकडून कोण बघतंय, असं मी म्हटलं.

पुढच्या वर्षी छताला पीओपी केलं, कारण सुमनकडे होतं. ते करताना भिंतीतले वरचे दोन झरोके आत झाकले गेले. मी खाली उभी राहून वर बघितलं, आणि किती सपाट, किती शहरातल्यासारखं, म्हणून खूश झाले.

दार लावा, गारवा जातो

हे वाक्य सुमनचं. एका वैशाखात मी तिच्याकडे विरजण मागायला गेले, तर तिच्या खोलीत एसी सुरू होता. मी दारात उभी. ती म्हणाली, "या अक्का, दार लाई ल्या, गारवा जास."

झालं. ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. मलाही कुणाला तरी म्हणायचं होतं, दार लावा, गारवा जातो.

नाना म्हणाले, "आपल्याले कूलर हाये की."

आता खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, कूलर खिडकीत बसवतात. त्याची पाठ बाहेर, तोंड आत, आणि समोरचं दार उघडं. बाहेरची कोरडी गरम हवा ओल्या गवतातून गार होऊन आत यायची आणि पुढून निघून जायची. मी जन्मभर हेच करत आले होते. पण एसीवाल्या घरात सगळं बंद असतं ना! मग मी कूलर उचलून खोलीच्या आत, पलंगाच्या पायथ्याशी आणून ठेवला. दार लावलं, फटीत जुनं धोतर कोंबलं, आणि एसीवाल्यांसारखी झोपले.

पहिल्या दिवशी सुमनला मुद्दाम बोलावलं. ती आत आली तशी मी म्हटलं, "दार लावा सुमन, गारवा जातो."

बिचारीनं लावलं. थोडा वेळ बसली. मग हळूच म्हणाली, "अक्का, काही वास येस का?"

"तुम्हाला एसीची सवय ना," मी म्हटलं. "साधी हवा आता कुठली मानवायला!"

त्या खोलीत पापड मऊ पडायचे. मिठाच्या बरणीला पाणी सुटायचं. गोधडी अंगावर घेतली की धुऊन न वाळवल्यासारखी लागायची. शोकेसमधली पितळ हिरवी पडली, मोराच्या पिसाऱ्यावर पांढरी लव आली. मी कापूर लावला, उदबत्त्या लावल्या, शोकेसमागे काय चाललंय ते बघितलं नाही. कूलरचं गवत दोन उन्हाळे तेच. काळं, बुळबुळीत झालेलं. नाना पाठीला गारठा बाधतो म्हणून ओट्यावर जाऊन झोपायचे. मी मात्र महाराणीसारखी आत.

खोकला

आधी नुसता कोरडा खोकला. मग अंग मोडून ताप, दोन दिवसांत उतरायचा, परत यायचा. मग चुलीपासून ओट्यापर्यंत जाताना धाप. जळगावच्या डॉक्टरांनी दमा सांगितला, तोंडानं ओढायचा पंप दिला. तो मी इमानेइतबारे ओढला आणि परत त्याच खोलीत दार लावून झोपले.

जळायला मला आता सुमन एकटी पुरेना. नाना दिवसाला बिड्यांचं बंडल फुंकायचे आणि शेतातून केळीचा घड खांद्यावर टाकून यायचे, ना धाप ना खोकला. त्यांच्याकडे बघून मला वाटायचं, देवा, तुझा हिशोब तरी कसला! शेजारच्या गोठ्यातली म्हैस बसल्या बसल्या भस्सकन श्वास सोडायची, मला तिचासुद्धा हेवा. काय छाती! असा श्वास मला एकदा मिळाला तर मी दोन दिवस पुरवून पुरवून वापरीन, असं वाटायचं.

सुमन म्हणाली, "धुळाले छातीना मोठा डॉक्टर शे. भाऊ वळखस. जाऊत ना अक्का."

तिचा भाऊ. तिचं धुळं. बरी झाले असते तर जन्मभर उपकार तिचे. मी म्हटलं, "ऊन उतरलं की आपोआप थांबेल."

मग श्रावणात तिच्याकडे सत्यनारायण होता. तिचा तिसरा मजला मी तोवर बघितला नव्हता, मानच खाली जायची. पण वर नवीन बाथरूम केलंय, त्यात उभ्यानं अंघोळ करायचा काचेचा कोनाडा आहे, असं कानावर आलं. मला राहवेना. सगळ्या खाली प्रसाद घेत होत्या, मी चोरासारखी जिना चढायला लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर डोळ्यांपुढे पांढरं झालं. स्टीलचा कठडा हातात होता, तो गार लागल्याचं आठवतं. मग काही नाही.

शुद्ध आली तेव्हा डोकं सुमनच्या मांडीवर. ती ओरडत होती, "नाना, व्हट निया पडनात! गाडी काढा!" ओठ निळे पडले होते माझे. तो काचेचा कोनाडा राहिलाच.

धुळे

पारोळा ओलांडेपर्यंत मी देवाला म्हणत होते, जगव. पारोळ्यानंतर म्हणायला लागले, जगव, पण सुमनच्या भावामुळे नको.

छातीच्या डॉक्टर म्हणजे एक तरुण मुलगी निघाली, केसांचा आंबाडा, पायात कापडी बूट. तिनं पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग नानांच्या कानाला नळी लावून त्यांनाही ऐकवलं. नाना बावरले. "चपलीचा चिकटपट्टा उचकटल्यासारखं वाजू राह्यलं," म्हणाले. सिटी स्कॅन झाला. पडद्यावर माझी फुफ्फुसं थंडीतल्या काचेसारखी धुरकट.

"आजी, हा साधा दमा नाही," डॉक्टर म्हणाली. "फुफ्फुसांना सूज आलीय. बहुतेक वेळा असं कशाच्या तरी त्रासानं होतं, रोज श्वासातून आत जाणाऱ्या. घरात कबुतरं आहेत? धान्याला बुरशी? भिंतीला ओल?"

पलंगाच्या पायथ्याशी सुमन उभी होती. हातात माझी पिशवी, पदरानं घाम टिपत.

मी म्हटलं, "छे! माझं घर एकदम कोरडं. शोकेसवालं."

आता शोकेस असणं आणि घर कोरडं असणं यांचा काय संबंध, हे मला विचारू नका. नाना काहीतरी बोलायला गेले, मी त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी बिडी नसतानाही खिसा चाचपला.

त्या दिवशी मला खरी भीती वाटली ती कळायला संध्याकाळ व्हावी लागली. नाकात नळी, बोटाला चिमटा, यंत्र आपलं टुंग टुंग करतंय. सगळे बाहेर गेले. मनात आलं, या नळीचं दुसरं टोक भिंतीत आहे. म्हणजे मी आता भिंतीला बांधलेली. दावणीला बांधतात तशी.

खिडकीजवळची खाट

वॉर्डात खिडकी एकच आणि तिच्याजवळ खाट एकच. त्यावर शिरपूरकडची एक बाई. माझ्याहून वयानं मोठी, माझ्याहून आजारी. पण तिचा नवरा रोज सकाळी तिचे केस विंचरून वेणी घालायचा. वाकडी वेणी. मला त्या वेणीचा राग, त्या खिडकीचा राग. माझे नाना पायथ्याशी बसून शेजाऱ्यांना केळीचे भाव सांगत.

वॉर्डाचा दिवस ठरलेला. पहाटे रक्त घ्यायला मुलगी, मग चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी. आणि दिवसभर ते तीन गोळ्यांचं खेळणं: प्लास्टिकच्या तीन नळ्या, प्रत्येकीत एक गोळी. तोंडानं हवा ओढायची, गोळ्या वर जातात. छाती चांगली असेल तर तिन्ही. माझी पहिली गोळी थरथरायची आणि बसायची. शिरपूरच्या बाईची एक वर जायची. म्हटलं ना, तिचा मला राग होता.

सुमनची वहिनी रोज दोन वेळा डबा आणायची. मऊ खिचडी, वर तूप, कधी दुधात कुस्करलेली भाकरी. मी खायचे आणि मनात म्हणायचे, मीठ कमी आहे. मीठ अगदी बरोबर असायचं.

एके दिवशी शिरपूरच्या बाईला सुट्टी मिळाली. वाकडी वेणी पाठीवर टाकून ती निघाली, दारातून परत आली आणि सिस्टरला म्हणाली, "मनी खाट या अक्काले द्या. ती रोज खिडकीकडेच देखत राहस."

मला वाटत होतं, मी चोरून बघतेय.

त्या खाटेवर गेले. बाहेर काही नव्हतं, पार्किंग आणि एक बाभूळ. पण वारा तोंडावर आला. नुसता वारा. ना थंड ना गरम. त्या वाऱ्यानं गालावरचे केस हलले आणि मला कळेना मी का रडतेय.

चार-सहा दिवसांत पहिली गोळी वर जाऊन टिकायला लागली. नळी निघाली. घरी सोडलं.

परत

घरी आल्या आल्या मी माझ्या खोलीत गेले. दार लावलं. श्रावण संपत आला होता, उकडत होतं, कूलर लावला. आठवडा झाला नसेल, तोच खोकला, तोच ताप, ओट्यापर्यंत जाताना तीच धाप. नाना माझ्याकडे बघेनात. योगेश जळगावहून आला आणि पहिल्यांदाच माझ्यावर ओरडला, "आई, औषधं घेतेस की नाही?" कल्याणी कोपऱ्यात गोळ्यांची पाकिटं तपासत होती. मी सगळ्या घेत होते. मला त्या दिवशी गोळ्या न घेणाऱ्या बायकांचासुद्धा हेवा वाटला. त्यांना निदान आपण का मरतोय ते ठाऊक असतं.

परत धुळे. परत तीच डॉक्टर. या वेळी ती हसली नाही. खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसली.

"आजी, इथे आलात की सुधारता. घरी गेलात की बिघडता. गोळ्या त्याच. मग घरात काय आहे? हे असंच चाललं तर फुफ्फुसं कडक होतील. एकदा कडक झाली की मऊ होत नाहीत. मग ही नळी घरीही लागेल. कायमची."

दावण. मला तेच दिसलं. माझ्याच भिंतीला, माझ्याच शोकेसशेजारी.

नाना उभे राहिले. मी बघितलं त्यांच्याकडे, पण या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. "डॉक्टरबाई," ते म्हणाले, "त्या खोलीले हवाच नाही. कूलर आत, दार बंद. खिडकी व्हती एक, ते इनं बुजवली."

"का?" डॉक्टरनं मला विचारलं.

मला 'धूळ येते' म्हणता आलं असतं. शपथ सांगते, ते शब्द जिभेवर होते. पण तेवढ्यात खोकल्याची उबळ आली, ती थांबेना, आणि थांबली तेव्हा माझ्याकडे एकच वाक्य पुरेल एवढी हवा उरली होती. खोटं बोलायला दोन वाक्यं लागतात.

म्हटलं, "त्यातून जावेचं घर दिसायचं."

डॉक्टरनं नानांकडे बघितलं नाही, माझ्या मागे दाराकडे बघितलं. मी मान वळवली. सुमन दारात. हातात डबा.

सुमन आत आली, डबा टेबलावर ठेवला, झाकण नीट दाबलं. "गरम शे अक्का, खाई ल्या," म्हणाली, आणि बाहेर गेली.

त्या खिचडीत मीठ कमी होतं की बरोबर, मला चवच लागली नाही.

कुठे जायचं

डॉक्टरनं सांगितलं: खोली उघडा, शोकेस काढा, भिंत खरवडून वाळवा, पीओपीमागचे झरोके मोकळे करा. ते होईपर्यंत आजींनी त्या घरात पाऊल टाकायचं नाही, खरवडलेली बुरशी श्वासात गेली तर सगळं मुसळ केरात. नाहीतर घर सोडा.

मी विचारून बघितलं, "खिडकी न उघडता चालेल अशी काही गोळी?"

"अजून निघाली नाही," ती म्हणाली. "निघाली की पहिली तुम्हाला."

योगेश म्हणाला, "जळगावला चल आमच्याकडे, कायमची." फ्लॅट चांगला आहे त्याचा, हवेशीर. पण मी कायमची जळगावला गेले तर गल्लीत एकटी सुमन राज्य करणार, हे मनात आलं आणि मी नाही म्हटलं. मरता मरताही बाई सुधरत नाही, बघा. पण दुसरंही एक कारण होतं, ते मी योगेशला सांगितलं नाही. सुमन दोन दिवस डबा घेऊन स्वतः आली नव्हती, वहिनीच्या हाती पाठवत होती. तिला तोंड न दाखवता जळगावला निघून जाणं मला जमेना.

सुट्टीच्या दिवशी गाडी आली ती सुमनची. पुढे दीर बसलेले, मागे ती. "खालनी खोली तयार शे," एवढंच म्हणाली. सगळी वाट ती खिडकीबाहेर बघत होती. मी तिच्या कानातल्या कुड्यांकडे. त्याही माझ्यापेक्षा जुन्या घडणीच्या, चांगल्या.

विटा

खालची खोली म्हणजे त्यांचं देवघर आणि त्यापुढे एक पलंग. एसी होता, पण बंद. दोन्हीकडची दारं उघडी, वारा या बाजूनं येऊन त्या बाजूनं जात होता.

"एसी लावत नाही?" मी विचारलं.

सुमन पहिल्यांदा हसली. "मनी मान धरस त्याखाल. तुम्ही उनात तरच लावूत."

म्हणजे मी विरजण मागायला गेले त्या दिवशी मला येताना बघूनच तिनं तो लावला होता! मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं, की छातीत दुखलं.

पलंगाशेजारी खिडकी होती, तिला पडदा. सुमन चहा करायला आत गेली तशी मी पडदा सारला. बोळापलीकडे माझं घर. माझी भिंत. आणि बरोबर समोर, नाकासमोर, चौकोनभर उघड्या विटा. गिलावा नाही, चुन्याचे ओघळ वाळलेले. मध्ये एका विटेवर कावळ्यानं घाण केलेली. जखम शिवायची राहून गेल्यासारखी ती जागा दिसत होती.

सुमन मागे येऊन उभी राहिलेली मला कळली नाही.

"ही खिडकी मी सांगीसन काढेल शे," ती म्हणाली. "मिस्तरी म्हणे, बोळकडे खिडकी कसाले? मी म्हणनू, समोर आमन्या अक्कानी खिडकी शे. भाजीनी वाटी इकडथीन तिकडे देता यी. हात पुरस." तिनं खरंच हात लांब करून दाखवला, बोळाच्या वर, विटांच्या दिशेनं. मग परत घेतला. "घर पुरं व्हयनं, अन् तुम्ही ईटा लाई दिध्यात."

तिनं ते तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते, भांडायला मला येतं.

मी इतकी वर्षं तिची पिस्त्याच्या रंगाची भिंत बघायची नाही म्हणून डोळे मिटले. ती इतकी वर्षं रोज पूजा करताना माझ्या विटा बघत होती.

"चहा गार व्हस," ती म्हणाली. चहाही तिचा माझ्यापेक्षा चांगला असतो. आलं जास्त घालते.

नाना आणि घण

दुसऱ्या दिवशी नाना आणि योगेश तोंडाला फडकं बांधून आत शिरले. शोकेस काढलं तर मागची भिंत काळी. काजळ फासल्यासारखी, वरून खालपर्यंत. योगेश बाहेर येऊन ओट्यावर बसून राहिला. "आई, तू याच्याजवळ डोकं ठेवून झोपायचीस," म्हणाला. सुमनची खिडकी तोवर उघडी होती, म्हणून मला ऐकू आलं. दार-खिडक्या लावून घ्यायला सांगितल्या होत्या, त्या मग सुमननं लावल्या, काचेतून बघू दिलं.

आतून घणाचे आवाज येत होते. एक वीट सरकली. मग दुसरी आत पडली, आणि त्या भोकातून नानांचं तोंड दिसलं. भुवया पांढऱ्या, फडकं काळं.

"दिसू राह्यलं काय वं?" ते ओरडले.

"दिसतंय," मी काचेमागून म्हटलं. आवाज पोचला नसणार, पण ते हसले.

महिनाभर भिंत वाळत होती. तेवढे दिवस मी सुमनकडे. तिच्या हातची खिचडी, तिच्या हातचा चहा, तिचे तीन मजले. तिसऱ्यावरचा तो काचेचा कोनाडा शेवटी बघितला. एवढंसं आहे ते, कोपर लागतं.

तीन गोळ्या

तुमच्यातल्या कुणाला धाप लागत असेल तर डॉक्टरला आधी घर सांगा, मग छाती. ओल आहे म्हणून सांगताना लाज वाटली तर जावेला बाहेर पाठवा, पण सांगा. कूलरची पाठ बाहेर ठेवा, त्याचं गवत दर उन्हाळ्याला बदला, समोरचं काहीतरी उघडं असू द्या. पीओपी करायचंच तर झरोके सोडून करा. आणि दवाखान्यात बरं वाटून घरी आल्यावर पुन्हा बिघडलं, तर ते आपल्या नशिबावर घालू नका. नशीब दार लावून घेत नाही.

माझ्या फुफ्फुसांचा थोडा भाग कडक राहिला तो राहिलाच. डॉक्टरनं सांगितलं, तो परत यायचा नाही. बाकीचं हळूहळू येतंय. औषधांनी चेहरा लाडवासारखा झाला होता, तो आता पुरणपोळीवर आलाय. नळी लागत नाही. कूलर पुन्हा ओट्याकडच्या दाराशी गेला, नाना त्याच्यासमोर झोपतात आणि बिडी ओट्याच्या टोकाला जाऊन ओढतात. एवढं तरी.

रोज सकाळी मी माझ्या खिडकीत बसते, ते तीन गोळ्यांचं खेळणं घेऊन. समोरच्या खिडकीत सुमन पूजेचं तबक पुसत बसते. मध्ये बोळ, त्याच्यावरून वाट्या जातात-येतात. परवा मी तिला म्हटलं, "तुम्ही ओढून बघा बरं हे." तिनं नको नको म्हणत हात लांब करून घेतलं, तोंडाला लावलं आणि एका ओढीत तिन्ही गोळ्या टणाटण वर. धरूनही ठेवल्या. आणि वर विचारते कशी, "असंच ना अक्का?"

देवाशप्पथ, ते हिसकावून बोळात फेकून द्यावंसं वाटलं.

मी धुऊन घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या, आणि ओढलं. पहिली गोळी गेली. दुसरी गेली. त्या पिस्त्याच्या भिंतीकडे बघत, तिच्या त्या ठणठणीत फुफ्फुसांचा मनापासून हेवा करत मी ओढत राहिले, उरलेला सगळा जळफळाट लावून. सुमन तबक खाली ठेवून खिडकीतून अर्धी बाहेर आली.

"हालनी!" ती ओरडली, अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशी. "तिसरी हालनी व अक्का!"